उसवणारा हात

सुई कशासाठी असते, असं कापडणे गावच्या भिकुबाईला कुणी विचारलं असतं, तर तिने चटकन सांगितलं असतं: जोडायला. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची, सदऱ्याला ठिगळ लावायचं, संपलं. तिच्या गोधडीचं गावात नाव होतं. त्याच भरवशावर महिला मंडळाच्या सुनंदाबाईंनी अडुसष्टच्या उन्हाळ्यात तिला धुळ्याला, देवपुरातल्या भरतकामाच्या शिबिराला जवळजवळ ओढूनच नेलं. शिबिर एका शाळेत भरलं होतं. शाळेला सुटी होती, त्यामुळे बाक भिंतीला सारून बाया वर्गातच झोपायच्या.

पहिलं नवल घडलं जेवणाच्या वेळी. भिकुबाई सवयीने वाढायला उठली, तर कुणीतरी तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि भरलेलं ताट पुढे आणून ठेवलं. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी, म्हणजे घरी रोज तीच रांधायची ते. पण दुसऱ्याने रांधून पुढ्यात ठेवल्यावर तिने पदर डोळ्यांना लावला. शेजारणीला वाटलं, ठसका लागला असेल.

त्याहून मोठं नवल शिकवायला आलेल्या जतनबाईंचं. धुळ्यातल्या मारवाडी कापडवाल्यांच्या घरातली ही म्हातारी, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण ताठ बसायची. तिने आपलं बोचकं सोडलं आणि जैन मंदिराच्या छताला बांधायचा, स्वतः भरलेला चंदरवा जमिनीवर पसरला. लाल कापडावर रेशमाचे मोरच मोर. भिकुबाईने तोंडात बोट घातलं. मग, गोधडीवालीच ती, तिने कोपरा उचलून मागची बाजू पाहिली. तिथेही तसेच मोर होते. गाठ नाही, लोंबता दोरा नाही. जिथे कुणाची नजर जाणार नाही, तिथेही या बाईने तेवढाच जीव ओतला होता. भिकुबाईच्या अंगावर काटा आला.

"अक्का, हाऊ ना आथराले, ना पांघराले," तिने हळूच विचारलं. "मंग इतला टाका कसाले?"

बाया हसल्या. जतनबाई हसल्या नाहीत. "माणसाने मान वर करावी म्हणून, बाई."

मग त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की आता डोळे साथ देत नाहीत. शेवटचा मोर राहिला आहे आणि पावसाळ्यात पर्युषणाच्या सणाला चंदरवा मंदिरात बांधायचा आहे. प्रत्येकीने एक फूल भरून दाखवायचं. जिचा हात पसंत पडेल, तिच्याकडे तो मोर. तो मोर अर्धा झालेला होता आणि त्याची पिसं वाट चुकली होती, टाक्यावर टाका चढला होता. डोळे असलेल्या सगळ्यांनी ते पाहिलं. बोललं कुणीच नाही. भिकुबाईनेही उघडलेलं तोंड मिटलं. पण तो मोर आपल्या मांडीवर यावा, असं तिला इतकं वाटलं, की स्वतःचीच भीती वाटली.

ती कामाला लागली. कापड ताणून धरणारी गोल रिंग तिला काही मानवेना; बैलाच्या तोंडाला मुसकं बांधल्यासारखं तिला वाटायचं. तिने रिंग बाजूला ठेवली आणि गोधडीसारखं कापड मांडीवर घेऊनच फूल भरलं. फूल देखणं उतरलं. दाखवायची पाळी आली, भिकुबाई हरखून उठली आणि कापडाबरोबर तिचं लुगडंही वर उचललं गेलं. पाच-सहा थर टोचायची सवय हाताची. फूल लुगड्यासकट भरलं गेलं होतं. वर्गभर हशा पिकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

सुनंदाबाई कात्री घेऊन धावल्या.

"कात्री ठेवा," जतनबाई म्हणाल्या. "उसव, बाई. माझ्याजवळ बसून उसव."

भिकुबाई खाली बसली. गोधडीवाल्या बाया दोरा वाया घालवत नाहीत. सुईच्या बोथट टोकाने ती एकेक टाका उचलत गेली, दोरा अख्खा ओढून बोटावर गुंडाळत गेली. जतनबाईंचा हात कापडावर होता. फूल नाहीसं झालं. लुगड्याला ओढ नाही, कापडाला चुणी नाही. आता दाखवायला काहीच उरलं नव्हतं, आणि मोरही गेला, हे भिकुबाईला कळून चुकलं. तिचे डोळे भरून आले.

जतनबाईंनी चंदरवा मागवला. शेवटचा मोर चाचपला आणि भिकुबाईच्या मांडीवर ठेवला.

"घरात सगळे म्हणतात, छान आहे. माझी बोटं म्हणतात, नाही. तू खरं सांग."

सुनंदाबाईंनी डोळ्यांनी खूण केली, नको. भिकुबाईने वाट चुकलेल्या पिसांवरून बोट फिरवलं.

"बिघडेल शे, अक्का." बिघडलाय, असं तिने सरळ सांगून टाकलं.

म्हातारीने कधीपासून धरून ठेवलेला श्वास सोडला. "टाका घालणाऱ्या पुष्कळ मिळतील. माझ्या कापडाला न दुखवता उसवणारी मिळत नव्हती. उसव, आणि मग तूच भर."

त्या हाताने घातलेला टाका आपण काढायचा! भिकुबाईने मोराला नमस्कार केला, पहिला टाका उचलला, हिरवा रेशमी दोरा अलगद बाहेर ओढला आणि बोटावर गुंडाळायला लागली.

जतनबाईंनी आपलं बोट पुढे केलं. "यावर गुंडाळ," त्या म्हणाल्या.