पायाळू सरजाबाई आणि माळावरची वीज

सरजाबाई पायाळू. आईच्या पोटातून ती आधी पायांनी बाहेर आली होती, आणि पायाळूवर वीज पडते हे शिरूर अनंतपाळच्या आसपास शेंबडं पोरही सांगतं. आभाळ गडगडलं की शेतातल्या बाया तिला लांब हाकलायच्या. साठी आली तरी हे सुटलं नव्हतं. गावाच्या अकलेबद्दल तिचं मत लहानपणीच ठरलं होतं, आणि ते बदलावं असं गावानं पुढं काही केलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी सिद्रामप्पांच्या रानात सोयाबीन काढताना पाऊस आला. सगळ्या बाया चिंचेखाली धावल्या. सिद्रामप्पांची बायको शिवकांता हिनं सरजाबाईला तिथून उठवून नालीत बसायला धाडलं. वीज पडली ती चिंचेवर. एक बैल जागीच मेला, शिवकांताचा डावा कान गेला, आणि नालीतली सरजाबाई नुसती भिजली. तरी सिद्रामप्पांनी गावात सांगितलं, वीज हिच्यासाठीच आली होती, नेम चुकला. तेव्हापासून पावसाळ्यात तिला कुणी कामाला बोलवेना.

मग परवाच्या साली विजेचा अभ्यास करायला माळावर वीज पाडणारी माणसं आली. ढग भरले की ती रॉकेट सोडत. रॉकेटमागं केसासारखी तांब्याची तार उलगडत जाई, आणि ढगातली वीज त्या वाटेनं खांबावर उतरे. कुठं पडणार ते आधीच ठाऊक, म्हणून कॅमेरे रोखून ठेवता येत. त्यांना स्वयंपाकाला बाई हवी होती. गावातली एकही तयार होईना, सरजाबाई गेली.

पहिली तीन रॉकेटं फुकट गेली. सरजाबाईला या शिकलेल्या माणसांचीही कीवच आली. मी पायाळू इथं बसलेली असून वीज येत नाही, तुमच्या तारेला काय येणार, असं तिनं पथकाच्या प्रमुख मंजुश्री मॅडमना तोंडावर सांगितलं. मंजुश्री पोट धरून हसली.

जूनमधल्या एका दुपारी सिद्रामप्पा भांडायला आले. रॉकेटांनी पाऊस पळून जातो, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यात भोंगा वाजला. भोंगा झाला की सगळ्यांनी लोखंडी कंटेनरमध्ये शिरून दार लावायचं. सिद्रामप्पाही दारापर्यंत आले, आत सरजाबाई दिसली आणि थबकले. त्यांनी मागं वळून माळावरच्या एकुलत्या बाभळीकडं पाहिलं.

"आप्पा, पायाळूजवळ बसायचं नसंल तर ती बाभळ मोकळी हाय," सरजाबाई म्हणाली. "झाडाखाली काय हुतंय ते तुमाला ठावंच हाय."

सिद्रामप्पा मुकाट्यानं आत येऊन कोपऱ्यात टेकले. रॉकेट सुटलं, आणि कानठळ्या बसवत वीज खांबावर आली.

मंजुश्रीनं पडद्यावर ते चित्र अगदी सावकाश फिरवलं. आधी पहिल्या झटक्यात तार जळून गेली. मग त्याच वाटेनं वीज पुन्हा खाली आली, पण ती टेकायच्या आधीच खांबाच्या टोकातून उजेडाची बारीक काडी वर निघाली. दोघी हवेत भेटल्या आणि पडदा पांढरा झाला. वीज नुसती वरून पडत नाही, जमीनही तिला हात देते, असं मंजुश्रीनं सांगितलं.

"माणसातनं बी निघती ती काडी?" सरजाबाईनं विचारलं.

"उघड्यावर उभं असलं तर कुणाच्याही डोक्यातून निघू शकते, मावशी. जन्मताना आधी पाय आले की डोकं, ते वीज विचारत नाही."

डोळ्याचं पातं लवायच्या आत घडणारी गोष्ट. तेवढ्यासाठी ही माणसं आपल्याला साठ वर्षं नालीत बसवत आली, असं सरजाबाईच्या मनात आलं. तिनं सिद्रामप्पांकडं पाहिलं. ते जमिनीकडं बघत होते.

चार दिवसांनी गावातली खबर माळावर पोचली. सरकारनं पायाळू बाई मुद्दाम पगारावर ठेवली आहे, तिच्या ओढीनंच वीज उतरते, आपण डोळ्यांनी पाहिलं, असं सिद्रामप्पा पारावर सांगत होते. सरजाबाईला राग आला नाही. एवढं दाखवून ज्याला दिसलं नाही, त्याच्यावर रागावायचं म्हणजे दगडावर पाणी ओतायचं.

नंतर शिवकांता एकटीच आली. तिनं ते चित्र तीनदा बघितलं.

"म्हंजे त्या दिशी म्या तुला झाडाखालनं उठिवलं म्हणून तू वाचलीस की," ती शेवटी म्हणाली.

सरजाबाईनं तिला चहासुद्धा विचारला नाही. परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं आणि भाकरी थापायला बसली. पथकातली माणसं जेवणासाठी खोळंबली होती.