टचपॅडवरचं कुंकू

आमच्या मुलीच्या लॅपटॉपला मी नवमीला कुंकू लावलं, आणि त्या दिवशी दुपारी चार वाजेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

भातकुलीच्या रस्त्याला आमची झेंडूची शेती आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीला, आम्ही विळे, खुरपी, फवारणीचा पंप आणि फुलं तोलायचा काटा मांडून पूजा करतो. मुलगी अकोल्याला नुकतीच नोकरीला लागली होती. सणाला येताना ऑफिसचा लॅपटॉप घेऊन आली. मला वाटलं, तिचं अवजार हेच.

ती अंघोळीला गेल्यावर मी तो बॅगेतून काढला आणि पुसला. बॅगेच्या तळाशी नखाएवढा काळा तुकडा सापडला. लॅपटॉपच्या बाजूला बरोबर तेवढीच एक खाच होती. तिथलाच सुटून पडला असेल म्हणून मी तो दाबून बसवला. मग झाकण उघडलं. बटणांच्या खाली मधोमध एक गुळगुळीत चौकोन होता, कपाळासारखा रिकामा. कुंकवाची जागा हीच, असं समजून मी त्यावर ओलं बोट टेकवलं आणि एक फूल ठेवलं.

मुलगी आली, पाहून हसली. पूजा झाल्यावर कुंकू पुसून टाकलं.

दोन वाजता ती कामाला बसली. कसली तरी यादी चारच्या आत पाठवायची, या अटीवरच तिला सुटी मिळाली होती. ती त्या चौकोनावर बोट फिरवत होती, पण पडद्यावरचा बाण जागचा हलेना. तिने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. तरी नाही.

"आई वं, याच्यावर पानी सांडलं काय?"

"नाई वं." सांडलं नव्हतंच. बोटाला होतं तेवढंच. पण तेवढंही आत गेलं असेल तर?

तिचे बाबा ओसरीत फुलांची पोती बांधत होते. म्हणाले, "तुया मायनं त्याले देव करून टाकलं. देव काम करते काय कुठी?"

"बाबा, तुमी चूप बसा न!"

तिने अकोल्याच्या मैत्रिणीला फोन लावला. एकाच ऑफिसात दोघी. फोन मोठ्या आवाजात होता, मी स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"बाहेरचा माउस लागला का आपलं टचपॅड बंद पडते," मैत्रीण म्हणाली. "ऑफिसनं सगळ्याइचं तसंच करून ठेवलं हाये."

"अवं, माउस तर तिकडं माया टेबलावरच राहिला."

"माउस नाई, त्याचा तो बारका तुकडा. तो लागून असला तरी पॅड बंदच राह्यते."

"तो तर मी मायाच हातानं काढून बॅगीत टाकला."

"मंग बिघडलंच समज. आता सायेबाले काय सांगशीन?"

मुलीने फोन ठेवला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. तुकडा आपण काढला याची तिला इतकी खात्री होती की तिने बाजूला पाहिलंही नाही. आणि मला सगळं कळलं होतं. तुकडा मी बसवला, एवढंच सांगायचं होतं. पण चौथी शिकलेल्या बाईने ऑफिसच्या वस्तूला हात लावला, हे तोंडाने कसं म्हणायचं? मी आत जाऊन भांडी लावली. पुन्हा दारात आले. घड्याळात साडेतीन झाले होते. नोकरी गेली तर ती जन्मभर मला काही म्हणणार नाही, हे मला माहीत होतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"तो तुकडा म्याच लावला," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की तिने "काय?" विचारलं. मग मी जवळ गेले, बोटाने दाखवलं आणि सुटून पडला वाटला म्हणून बसवला, हेही सांगितलं.

तिने तो नखाने ओढून काढला. बाण हलला.

यादी गेली तेव्हा चारला दहा कमी होते. ती माझ्याकडे वळली. "इतका येळ बोलली काहून नाई वं?"

ती रागावली नाही, हसलीही नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती निघाली. बॅग भरून देताना मला एक कागदाची पुडी सापडली. वर माझ्यासाठी मोठमोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'हे माउसचं आहे. सुटून पडलं नाही.' मी ते दोनदा वाचलं, पुडी होती तिथेच ठेवली आणि बॅगेची चेन लावली.