विटेवरचे टोमॅटो

मंगळवारी सकाळी माझे पती वारले. त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी गच्चीवरच्या पाइपांसाठी टोमॅटोची रोपं तयार केली होती. मातीविना, नुसत्या खताच्या पाण्यावर वाढणारी. ती त्यांच्या हातची शेवटची रोपं. ती जगवायची, एवढंच मी ठरवलं.

रोपं जाळीदार कपांत बसवायची, तर मुळांभोवती काही तरी भरावं लागतं. ते नारळाचा भुसा भरायचे. तो संपला होता. दीर म्हणाले, "वहिनी, घरात कापूस पडून हाये, अन् भुसा इकत कायले आनता? कापूस पानी धरून ठेवते."

आर्णीकडच्या, कापसाच्या मुलखातल्या माणसाला हे पटतंच. मलाही पटलं. सरकी काढून आम्ही दोघांनी कप भरले.

कापसानं पाणी धरलं, पण सोडलंच नाही. मुळांना हवा मिळेना. पानं पिवळी पडली. एक कप उपसला तर मुळं तपकिरी, बुळबुळीत झालेली, वास मारणारी.

मग मी माझ्या पतींची पुस्तकं काढून सावकाश वाचली. भुसा परत आणता आला असता, पण तो जाळीतून गळून पाइपात बसतो. दर पंधरवड्याला पाइप उघडून तो काढत बसलेलं मी त्यांना पाहिलं होतं. खडी स्वच्छ असते, पण ओल धरत नाही, आणि आमच्याकडे वीज गेली की पाणी फिरवणारा पंप थांबतो. विटेचा तुकडा थोडी ओल धरतो, आणि तुकड्यांमधून हवा खेळते. माझं ठरलं.

"इटेवर टमाटे?" दीर म्हणाले. "खाली लोकं भेटाले येऊन बसले हायेत. हासतीन ना, वहिनी!"

"हसू द्या. तुम्ही विटा फोडा, भाऊजी. सिमेंट लागलेली घेऊ नका, पाणी बिघडतं."

"मास्तरीण झाल्या तुम्ही तं," असं पुटपुटत त्यांनी हातोडी उचलली.

हरभऱ्याहून मोठे तुकडे चाळून घेतले, लाल पाणी यायचं थांबेपर्यंत धुतले, रात्रभर भिजवले. मुळांचा कापूस बोटांनी सोडवला, सडलेली टोकं कापली, रोपं तुकड्यांत बसवली. खालून एक मावशी वर आल्या, बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, रडून तरी घे." मी म्हटलं, "हे झालं की."

निम्मी रोपं गेली. उरलेल्यांना आठवडाभरात पांढरी मुळं फुटली. त्या दिवशी मी रडले.

आता गच्चीवर चार झाडं आहेत. त्यांना फळं लागली आहेत.