सुटलं तर कुठे जाईल?

"पडतोय! रोज पडतोय! आत्ता या मिनिटाला पडतोय!" असं ओरडत बाई दोरीला बांधलेलं पितळी कुलूप डोक्याभोवती गरगर फिरवायच्या, आणि पहिल्या बाकावरची पोरं माना खाली घालायची.

प्रश्न असायचा, चंद्र पृथ्वीवर का पडत नाही. "पडत नाही" एवढं कोणी म्हणालं तरी बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "कोण म्हणतं पडत नाही? पडतोयच. पण पडता पडता बाजूला एवढा जोरात पळतोय की दर वेळी जमीन चुकते. ओढ आहे म्हणून लांब जात नाही, पळतोय म्हणून अंगावर येत नाही. समझा क्या?"

भाईंदर पूर्वेला, स्टीलची भांडी पॉलिश करणाऱ्या एका गाळ्याच्या वर आमचा क्लास होता. खाली मशिनचा कर्कश आवाज, वर बाईंचा. दोन्हींत मशिन जरा नरम वाटायचं. मी मराठी शिकवायचो, म्हणजे तिथल्या निम्म्या पोरांना न येणारी भाषा. पोरं त्यांना मॅम म्हणायची, मी बाई म्हणायचो, आणि त्या मला 'मराठीवाले' म्हणायच्या. "तुम्ही मराठीवाल्यांनी त्या चंद्राला फुकटचा मामा करून ठेवलाय," त्या म्हणायच्या. "मामा कसला? दगड आहे. डोक्यात पडला तर कळेल."

बाई मारायच्या. हे लपवून मी त्यांचं चित्र काढलं तर ते त्यांचं होणार नाही. लाकडी पट्टी बोटांच्या पेरांवर बसायची. सगळ्यात जास्त मार एका उत्तराला होता. "दोरी सुटली तर कुलूप कुठे जाईल?" हा त्यांचा लाडका प्रश्न. पोरं हमखास सांगायची, "बाहेर." फटका. "बाहेर नाही रे गाढवा! सरळ! सुटताना जिकडे पळत होतं तिकडे, आडवं जाईल. समोरच्या भिंतीला मारायचं असेल तर कुलूप भिंतीसमोर येईपर्यंत थांबायचं नाही, पाव फेरा आधी सोडायचं. काढा आकृती." पोरं बोटं चोळत आकृती काढायची.

पण दुसऱ्या कोणी हात उचललेला त्यांना चालायचा नाही. एकदा एका बापाने चाचणीचे मार्क बघून तिथेच पोराच्या कानफटात वाजवली. बाईंनी शांतपणे चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्या बापाच्या कानफटात वाजवली. "मेरे क्लास में मारना है तो मैं मारूँगी," त्या म्हणाल्या. बाप गाल चोळत जिना उतरला आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या मुलाचंही नाव घालून गेला. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचा राग येतो आणि त्यांच्याशिवाय करमतही नाही.

हा मार कुठून आला होता, ते मला हळूहळू कळलं. बाईंचं सासर चेण्याला. नवऱ्याचं घोडबंदर रोडला गाड्या दुरुस्तीचं गॅरेज, आणि हात गॅरेजसारखाच जड. बाईंनी बरीच वर्षं मार खाल्ला. त्याने मुलीवर पहिल्यांदा पट्टा उगारला, त्या दिवशी त्या मुलीला स्कूटरवर बसवून माहेरी काशीगावला निघून आल्या. तेव्हापासून मुलगी चेण्याला परत जाऊ द्यायची नाही, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. त्यासाठी सकाळी मीरा रोड, दुपारी भाईंदर, संध्याकाळी काशीगाव अशा शिकवण्या. जेवण स्कूटरवर बसल्या बसल्या, केळं नाहीतर वडापाव.

"जरा बसा हो घटकाभर," मी एकदा म्हणालो.

"थांबले की पडले," त्या म्हणाल्या. मग केळ्याचं साल गुंडाळत हळूच म्हणाल्या, "ओढ आहे हो मला त्याची अजून. खोटं कशाला बोलू? म्हणून तर पळायचं."

नवरा अधूनमधून खाली रस्त्यावर येऊन शिव्या द्यायचा. बाई खिडकी लावायच्या आणि शिकवायच्या. मुलगी दहावीला, आमच्याच क्लासमध्ये. आईसारखीच धारदार नाकाची, पण आवाज मऊ. नवऱ्याचं म्हणणं एकच, पोरगी माझी आहे, मला द्या.

बोर्डाच्या परीक्षेआधीच्या एका दुपारी तो वर आला. हातात लोखंडी पाना. मी शेजारच्या खोलीत होतो, पहिला आवाज बाक फुटल्याचा ऐकला. धावत गेलो तर त्याने दुसरा बाक फोडला होता आणि पोरं भिंतीला चिकटली होती. मी मध्ये पडलो. पाना माझ्या खांद्यावर बसला आणि मी खाली बसलो, ते उठलोच नाही. मुलगी फळ्याच्या डाव्या कडेला उभी होती, हातात खडू तसाच.

"चल घरी," तो तिला म्हणाला.

"ती कुठे जाणार नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या हातात दोरी होती आणि कुलूप फिरायला लागलं होतं.

तो हसला. पाना उचलून बाईंच्या अंगावर एक एक पाऊल येत राहिला. "फेक ना. फेक. आजवर काय फेकलंस तू?"

कुलपाचा घूं घूं आवाज वाढत गेला. आणि बाईंनी दोरी सोडली. कुलूप बरोबर त्याच्या तोंडासमोर आलं, तेव्हा सोडली.

ज्या चुकीसाठी त्यांनी इतक्या पोरांची बोटं सुजवली होती, ती चूक त्यांनी केली. कुलूप त्याच्याकडे गेलंच नाही. ते आडवं गेलं, डावीकडे, फळ्याकडे. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मुलगी भिंतीला घासत खाली आली. तोंडातून रक्ताची धार, आणि रक्तात दात.

भिंतीला चिकटलेल्या पोरांतून कोणीतरी रडत रडत म्हणालं, "मॅम, पाव फेरा आधी सोडायचं होतं."

पाना खाली टाकून तिला उचललं ते बापाने. जिन्यावरून तिला घेऊन तो धावला, मागे अनवाणी बाई. तिघं एका रिक्षातून गेली. कित्येक वर्षांनी ते कुटुंब एकत्र कुठेतरी चाललं होतं.

हॉस्पिटलमध्ये मुलीचा जबडा बांधला. जबाब घ्यायला महिला पोलीस आली तेव्हा आम्ही सगळे तिथेच होतो. "कुणी मारलं, बेटा?" मुलीने हात उचलला आणि बापाकडे बोट दाखवलं. बाप मान खाली घालून उभा राहिला. त्याने नाही म्हटलं नाही. मला तर हायसं वाटलं. एवढ्याने त्याची पीडा कायमची टळली असती आणि पोरगी आईकडे राहिली असती.

"चूक," बाई म्हणाल्या.

"बाई, गप्प बसा," मी त्यांच्या कानाशी म्हणालो.

"अहो, चूक आहे ते. कुलूप मी सोडलं." मग त्या मुलीच्या कॉटपाशी वाकल्या. "उत्तर चुकलं बाळा. परत सांग." मुलगी मान हलवत राहिली, डोळ्यांतून पाणी. बाईंनी तिचा हात धरला आणि बोट स्वतःकडे वळवलं.

पुढे जे व्हायचं ते झालं. केस बाईंवर झाली, जामीन झाला. मुलगी चेण्याला गेली. बाईंनी तिला अडवलं नाही. क्लास सोडला, स्कूटर विकली, फोन बंद. माणूस इतकं थांबू शकतं हे मला माहीत नव्हतं. मला त्यांचा अजूनही राग येतो. एक दिवस, एकच दिवस खोटं उत्तर चालवून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?

परवा मुलगी क्लासमध्ये आली होती. जबडा जरा वाकडा जुळलाय, शब्द सावकाश येतात. बाप खाली गाडीत थांबला होता.

"सर, आईला सांगाल? मी तेव्हा खोटं नव्हते बोलले. मी नीट विचार करून सांगितलं होतं. बाबा वर आलेच नसते तर तिने कुलूप फिरवलंच नसतं. माझं उत्तर बरोबर होतं."

मी त्याच संध्याकाळी काशीगावला गेलो. बाईंची म्हातारी आई दारात लसूण सोलत बसली होती. मी बाईंचं नाव घेतल्यावर तिने वर न बघताच मान हलवली.

"हितं न्हाय ती. कुठं हाय, मलाबी सांगत न्हाय."

निरोप अजून माझ्याकडेच आहे.