न गंजणारं कपाट

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. साठच्या दशकाची सुरुवात होती. भूम भागात मी नवाच फौजदार होतो.

तिथल्या एका देवस्थानचं स्वयंपाकघर विहिरीलगत, उघड्यावर होतं. वाफेनं आणि ओलीनं लाकडी कपाट कुजायचं, लोखंडी गंजायचं. म्हणून गावानं वर्गणी काढली. देवस्थानच्या कारभाऱ्यानं सोलापूरहून न गंजणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे पत्रे आणले आणि गावच्या लोहाराकडून कपाट करून घेतलं. एका पावसाळ्यातच त्याला गंज चढला, पिठात खपल्या पडू लागल्या. गावात कुजबुज सुरू होताच कारभारी ठाण्यात आला. "लोहारानं पत्रे बदलले," अशी त्यानं फिर्याद दिली.

मी कारभाऱ्याला खुर्ची दिली, चहा मागवला. लोहाराला जमिनीवर बसवलं.

"साहेब, मला दिलेला पत्राच साधा व्हता, वरून चकाकी दिलेला," लोहार म्हणाला. "लोहचुंबक लावून बघा. चांगल्या स्टेनलेसला त्यो चिकटत न्हाय. कारभाऱ्यास्नी म्या तवाच सांगितलं व्हतं."

"मला शिकवतोस?" म्हणत मी त्याच्या कानाखाली दोन लगावल्या. स्टेशन डायरीत नोंद न करता दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको आली. कारभाऱ्याच्या घरी ती धुणं धुवायची.

"त्यांच्या न्हाणीत नवा पत्रा ठोकलाय," ती म्हणाली. "रोज पानी पडतंय, पर गंजाचा एक ठिपका न्हाय. एकदा येऊन बघा तरी."

शाळेतून लोहचुंबक मागवलं. देवस्थानच्या कपाटाला ते चटकन चिकटलं. मग पंच घेऊन कारभाऱ्याच्या घराची झडती घेतली. न्हाणीतल्या पत्र्यावरून चुंबक घसरून खाली पडलं. सोलापूरच्या दुकानदारानं पत्र्यावरची आपली खूणही ओळखली. कारभाऱ्यानं कबुली दिली, लोहाराला मी सोडून दिलं. वरिष्ठांनी तपासाबद्दल माझी पाठ थोपटली.

चुंबकाची परीक्षा करायला मला दोन मिनिटं पुरली असती. पण कोण खुर्चीवर बसलंय आणि कोण जमिनीवर, एवढं पाहूनच मी खरंखोटं ठरवलं होतं.

महिन्याभरानं लोहाराच्या भट्टीवर गेलो. तो ऐरणीशी बसला होता. शेजारी बसून हळूच म्हणालो, "माझी चूक झाली."

त्यानं मान वळवली. "या बाजूनं बोला साहेब. त्या कानानं आता ऐकू येत न्हाय."

मला ते वाक्य पुन्हा म्हणता आलं नाही.