बेसिनजवळचं टेबल

“मॅडम, तुम्ही जरा त्या टेबलावर बसून खाता का? वास येतोय.”

मोठ्या बाई म्हणाल्या. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. आवाज चढवून नाही. गोड बोलून. शेजारणीला खिडकी लावून घ्यायला सांगावं तसं.

आणि मी उठले.

तेच अजून सलतंय. मी उठले. प्लेट घेतली, पाण्याचा ग्लास घेतला आणि हात धुवायच्या बेसिनजवळ दोन खुर्च्यांचं एक टेबल होतं तिथं जाऊन बसले. कुणी ढकललं नव्हतं. पाय आपसूक निघाले.

दहावीचा निकाल चांगला लागला म्हणून संस्थेनं सगळ्या स्टाफला जेवण दिलं होतं. धाराशिवात नवं इटालियन हॉटेल निघालंय. इटालियन म्हणजे पिझ्झा, पांढऱ्या सॉसचा पास्ता, आणि ज्याला त्यातलं काहीच जमत न्हाय त्याच्यासाठी पनीर चिली. मालक इथलाच, गोव्याला मोठ्या हॉटेलात स्वयंपाक करून परत आलेला. मेनूकार्डाच्या खालच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, तळलेली कॅलामारी.

मी विज्ञान शिकवते. मृदुकाय प्राणी दर वर्षी शिकवते. गोगलगाय, शिंपला, ऑक्टोपस आणि त्याचा भाऊबंद स्क्विड, म्हणजेच ही कॅलामारी. फळ्यावर त्यांचे हात काढते, डोळे काढते. पण मी भूम तालुक्यातली. आमच्याकडं नदीला पाणी आलं तरी लोक बघायला जातात. समुद्र मी लग्नानंतर एकदाच बघितला. वाटलं, जे इतकी वर्षं फळ्यावर काढलं ते एकदा तोंडात घालून बघावं. एवढीच हौस.

मालक स्वतः विचारायला आला. “खरंच आणू, मॅडम? कोकणात ह्याला माकुल म्हणतात. इथं कुणी मागवत न्हाय.”

“आणा,” मी म्हणाले.

गोल गोल कड्या आल्या. सोनेरी. बाजूला लिंबाची फोड आणि लसणाचा पांढरा सॉस. पहिली कडी चावली. वरून कुरकुरीत, आत रबरासारखी, जराशी गोडसर. आवडली मला. शेजारी गणिताचे सर बसले होते. त्यांना म्हणाले, “एक घेऊन बघा की, सर.”

सर हसले. “नको, नको. तुमचं बरंय, मॅडम. तुमच्यात सगळंच चालतं.”

सगळं टेबल हसलं.

तुमच्यात. हा शब्द माझ्या ओळखीचा आहे. नाव न घेता जात काढायची असली की तो वापरतात. आम्ही बौद्ध. हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे, आणि कुणीच तोंडावर म्हणत नाही. सर ‘तुमच्यात’ म्हणाले, टेबल हसलं, आणि मग मोठ्या बाईंना वास आला.

बेसिनजवळ बसून मी दुसरी कडी उचलली. परत प्लेटमध्ये ठेवली. मागं कुणीतरी चूळ भरत होतं. समोर आमचं लांब टेबल. त्यात माझी रिकामी खुर्ची. आणि गणिताचे सर काय खात होते? चिकन पिझ्झा. मोठ्या बाईंच्या समोर. बाईंना त्याचा वास येत नव्हता. बाई त्यांना टिश्यू देत होत्या.

मला गाव आठवलं. मी लहान होते, पाटलाच्या घरी लग्न होतं. गावजेवण. आमची पंगत सगळ्यात शेवटी, गोठ्याच्या भिंतीला. ताटं आम्ही घरून नेलेली. वाढणारा वरून टाकायचा, अर्धी बुंदी मातीत जायची. मी आईला विचारलं, “आपण इकडं का बसायचं?”

आई म्हणाली, “गप जेव.”

ती तरी काय म्हणणार? तिला दुसऱ्या दिवशी त्यांच्याच शेतात खुरपायला जायचं होतं. पण मी? बी.एस्सी., बी.एड. झालेली, कायम नोकरीतली बाई. मला तर भिंत दाखवायचीही गरज पडली नाही. नुसतं वास येतोय म्हटलं, पुरलं.

डोकं सणकलं. रडू न्हाय आलं. राग आला, आणि तो आधी माझ्याच पायांचा आला.

मी प्लेट उचलली. परत गेले. माझ्या खुर्चीवर बसले आणि प्लेट टेबलाच्या मधोमध ठेवली.

“मॅडम, अहो...” मोठ्या बाई म्हणाल्या.

“बाई, सरांच्या चिकनचा वास येत न्हाय का तुम्हाला?”

बाईंनी सरांच्या प्लेटकडं बघितलं.

“सरांना नाही उठवलं. मला उठवलंत. का उठवलंत ते सांगा. जातीचं नाव घेऊन सांगा.”

“भलतंच काय काढताय! जेवताना जात कुठून आली?”

“सर ‘तुमच्यात’ म्हणाले, तिथून आली.”

सर मोबाईल बघायला लागले. समोर उर्दू शिकवणाऱ्या शेख मॅडम होत्या, त्यांनी मान खाली घातली. मी उरलेल्या सगळ्या कड्या खाल्ल्या. गार होऊन चिवट झाल्या होत्या. चावत राहिले. मान खाली घालून नाही. एकेकाकडं बघत.

दुसऱ्या दिवशी शेख मॅडमनी मला व्हरांड्यात गाठलं. हळू आवाजात म्हणाल्या, “बोललात ते लई बरं झालं. ईदला मी शीरखुर्मा आणते ना, त्या दिवशी अख्ख्या स्टाफरूमला उपवास असतो.”

“मग काल गप्प का बसलात?”

“माझी नोकरी अजून कायम न्हाय, मॅडम.”

मी वर्गावर निघून गेले. नुसती चिडचिड.

दुपारी मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. “संस्थेच्या कार्यक्रमाचा विचका केलात तुम्ही. सगळ्यांसमोर सॉरी म्हणा, विषय संपवू. मी तुम्हाला कधी वेगळं मानलंय का?”

“काल मानलंत.”

बाईंनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, “संस्थेची वाशीला पण शाळा आहे. माहीत आहे ना?”

माहीत आहे. मुंबईजवळची न्हाय, आमच्याच जिल्ह्यातली वाशी, पण रोज जाऊन-येऊन जमणार नाही इतकी लांब. माझं घर इथं, मुलगी इथल्या कॉलेजात, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. हे सगळं बाईंनाही माहीत आहे, म्हणून तर वाशीचं नाव काढलं.

मी सॉरी म्हटलं नाही. संस्थेच्या अध्यक्षांना जाऊन घडलेलं सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बघू.” अजून बघतायत. मी स्टाफरूममध्ये गेले की बोलणं थांबतं. खरं सांगते, वैताग येतो. एवढं शिकायचं, एवढं शिकवायचं, आणि परत तिथंच येऊन भांडायचं.

पण भांडणार. वाशीला पाठवलं तर जाईन. तिथं विचारतील, धाराशिव का सोडलं? सांगेन. कोण काय म्हणालं, कोण हसलं, कोणी उठवलं. माझी जात सांगेन, आणि उठवणारीची पण सांगेन. खालच्या आवाजात नाही.