नत्थूजींचा उलटा हात

नत्थूजी वायरमन उलट्या हातानं करंट तपासायचे. मेन स्विच पाडला, की तळहाताची मागची बाजू तारेला लावायची. करंट असलाच तर हात आपोआप मागं फेकला जातो, हे त्यांचं शास्त्र. देवळीजवळच्या आमच्या लोखंडाच्या कारखान्यात येण्याआधी त्यांनी अर्ध्या जिल्ह्यातल्या जिनिंगा, म्हणजे सरकी काढायचे कारखाने, सांभाळल्या होत्या आणि हात शाबूत होता. त्यामुळे मीटर वगैरे आम्हा आयटीआयवाल्यांची नाटकं.

पण माणूस हुशार. २००३ च्या एप्रिलमध्ये भट्टीच्या अडीचशे हॉर्सपॉवरच्या पंख्याला वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसवायचं ठरलं. मॅनेजर वासुदेवराव मोटरची पाटी वाचून तेवढ्याच मापाचा मागवायला निघाले. नत्थूजींनी पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी थर्मामीटर टांगला, एकोणपन्नास अंश दाखवले आणि एवढ्या उकाड्यात ड्राइव्हची ताकद घटते म्हणून एक नंबर मोठा घ्यायला लावला. बसवायला नागपूरहून आलेल्या इंजिनीयरनंही मान डोलावली. जाताना त्यानं मला बजावलं, सप्लाय बंद केला तरी याच्या पोटात करंट साठून राहतो. पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. मी हे नत्थूजींना सांगितलं तर ते हसले. बंद म्हणजे बंद, म्हणाले. मला रागच आला, पण बापाच्या वयाच्या माणसाशी किती भांडणार?

मे महिन्यात एका दुपारी ड्राइव्ह तापून बंद पडला. कोळशाच्या भुकटीनं त्याचा आतला छोटा पंखा जाम झाला होता. उघडून साफ करण्याशिवाय इलाज नव्हता आणि इकडे भट्टीला हवा नसली की आतला माल चिकटायला लागतो. वासुदेवराव घड्याळ बघत फेऱ्या मारत होते. नत्थूजींनी मेन पाडला आणि झाकणाचे स्क्रू काढायला घेतले. मी थांबा म्हणालो, तर वासुदेवराव माझ्यावरच खेकसले. झाकण निघालं. नत्थूजींचा उलटा हात सवयीनं आत निघाला.

मी त्यांचं मनगट धरलं.

"काकाजी, आधी मीटर लावू द्या मले."

त्यांनी शिवी हासडून हात सोडवला, पण मी तोवर मधे उभा राहिलो होतो. मीटर लावला. चारशे दहा व्होल्ट.

नत्थूजी खालीच बसले. आकडा उतरत उतरत शून्यावर येईपर्यंत मी मीटर लावूनच ठेवला, वासुदेवरावसुद्धा घड्याळ सोडून मीटरच बघत राहिले. मग आम्ही भुकटी साफ केली, भट्टीचा पंखा फिरला, माल वाचला.

खरं सांगतो, दोन चांगल्या शब्दांची मी वाट बघत होतो. नत्थूजींनी विचारलं ते वेगळंच: असे ड्राइव्ह आणखी कुठं कुठं बसले? पुलगाव, हिंगणघाट, मी ऐकलं होतं तेवढं सांगितलं. काऊन, कशासाठी, म्हणून मी विचारलं.

"तीसेक पोराईले मी हेच शिकवलं," ते म्हणाले.

त्यांनी वासुदेवरावांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि साडेतीनची पुलगाव एसटी धरली.